काठोकाठ नाही

मार्गिलान शहरातल्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सून बसली होती. अर्धांगवायूच्या झटक्याने उजवा हात लुळा पडलेली तिची सासू व्यायामाच्या खोलीतून बाहेर आली.

"आई, दारातून बघितलं मी. पडद्यावर लाल अक्षरात नापास! त्या खोटं जग दाखवणाऱ्या चष्म्यातल्या खेळात नुसता चहाच तर ओतायचा होता."

"ओतला की. सगळ्या पाहुण्यांना, ह्याच हातानं."

"अर्धा-अर्धाच! हात दमला का?"

"दमतोय कशाला? पाहुण्याला काठोकाठ पियाला देणं म्हणजे 'उठा आता' म्हणणं. चष्म्यातला असला म्हणून काय झालं, पाहुणा तो पाहुणाच!"

"म्हणजे मुद्दाम थांबलात? प्रत्येक वेळी? अर्ध्यावर?"

"डॉक्टरनं पण असाच आ वासला. म्हणाला, अर्ध्यावर थांबायला तर जास्त ताबा लागतो. मग खरी किटली मागवली त्यानं."

"आणि?"

"त्याला अर्धा दिला. थेंब सांडला नाही. नफीसा, आजपासून घरचा चहा मी ओतणार."

"ओता, आई, ओता! आणि ते नापास करणारं मशीन?"

"त्याच्यापुढे काठोकाठ भरून ठेवून आलेय."