घुबडकाकांचा एक पुठ्ठा

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, आपल्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य, ज्यांच्यासाठी आपण इथं जमलो ते आजचे सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेत ताठ बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या काकू, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले वाचकहो,

ग्रंथपाल या नात्यानं मला पाच मिनिटं दिली आहेत. ग्रंथपालानं बोलायचं नसतं, फक्त दुसऱ्यांना गप्प करायचं असतं, असा सगळ्यांचा समज आहे. बावीस वर्षं मी तो इमानेइतबारे पाळला. आज जरा जास्त वेळ घेणार आहे, तेव्हा घड्याळाकडे बघणाऱ्यांनी खुशाल बघावं. आणि माईकशेजारी मी ही वाटी आणि ब्रश का ठेवलाय, असं मघापासून तुमच्यात कुजबुजलं जातंय तेही मला ऐकू आलंय. कान तेवढे शाबूत आहेत. वाटीत मैद्याची खळ आहे. कशासाठी, ते कळेल.

आत्ताच आपल्या चिटणीसांनी मानपत्र वाचून दाखवलं. फार सुंदर लिहिलंय, त्यांचं अक्षरही मोत्यासारखं आहे. त्यात एक वाक्य असं आहे: ‘एका उलट्या घुबडाचा अपवाद सोडला, तर सदतीस वर्षांची ही सेवा निर्दोष आहे.’ सभागृहात केवढा हशा पिकला. मीही हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. मी बघत होते.

मला त्या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे.

नवीन वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. आपल्या पुस्तकांना पुठ्ठे बांधणाऱ्या या गृहस्थांना सगळं वाचनालय घुबडकाका म्हणतं. दिसायला तसे आहेत म्हणून नव्हे. चष्मा काढल्यावर थोडे दिसतात, पण ते जाऊ द्या. काचेच्या कपाटात आपला दीडशे वर्षांचा पक्ष्यांचा चित्रग्रंथ आहे. चामडी पुठ्ठा, वर सोनेरी नाव. तो पुठ्ठा उलटा बसलाय. नाव सरळ धरून पुस्तक उघडलं की पहिल्यांदा शेवटचं पान समोर येतं, तेही डोक्यावर उभं, आणि त्यावर घुबड उलटं लटकलेलं असतं. मुलं खास ते बघायला येतात. हा पराक्रम काकांचा, असं बावीस वर्षं सांगितलं जातंय. आता खरं काय झालं, ते ऐका.

मी नोकरीला लागून तीन महिने झाले होते. नोकरी कच्ची होती, सहा महिने काम बघून पक्की करणार होते. घरात कमावणारी मी एकटी, मागे आई आणि शिकणारा भाऊ. कपाट पुसताना मला दुर्बुद्धी सुचली आणि मी तो ग्रंथ बाहेर काढला. घुबडाचं चित्र फार देखणं आहे असं ऐकलं होतं. ते नीट दिसावं म्हणून मी शेवटचं पान उघडून तळहातानं दाबलं. कट्ट असा आवाज झाला आणि मागचा पुठ्ठा माझ्या हातात आला.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? जाऊन सांगितलं असतं. मी पुठ्ठा चिकटपट्टीनं जोडला. पट्टी चकाकायला लागली. मग तिच्यावर माझ्याच बुटाचं तपकिरी पॉलिश फासलं. रंग असा जुळला की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

आणि चारच दिवसांत फर्मान निघालं. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला संस्थापकांच्या कन्या येणार, त्यांच्या वडिलांनी दिलेला हा ग्रंथ त्यांना दाखवायचा, तर एकदा काकांच्या नजरेखालून जाऊ द्या. पुस्तक काकांच्या खोलीत पोचवायचं काम कुणाकडे आलं असेल? दैव कसं असतं बघा.

काकांनी पुस्तक हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, “हे कुठं चालत गेलं होतं का?”

मग त्यांनी खाली माझ्या बुटांकडे बघितलं. बूट लखलखत होते. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि दिवा जवळ ओढला.

पुढचे आठ दिवस ते त्या पुस्तकाशी बसले. माझी ती पट्टी काढायलाच दोन दिवस लागले. ओल्या कापसानं, सुईच्या टोकानं, चिमूटचिमूट. जुना पुठ्ठा अख्खा सोडवला, पानं पुन्हा शिवली, आतून नवं कापड लावलं, कण्यावर नव्या चामड्याचा तुकडा बसवला, तो मुद्दाम एक छटा फिका. मी विचारलं की जुळता रंग का नाही घेतला. तर म्हणाले, दुरुस्ती लपवली की ती लबाडी होते. जुनं कुठं संपलं आणि आपण कुठं हात लावला, हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. टोमणा होता की शिकवण, मला आजही ठरवता येत नाही. बहुतेक दोन्ही.

शेवटी पानांवर पुठ्ठा चढवायचा दिवस आला. काकांची पद्धत आपण सगळ्यांनी दारातून बघितलीय. दारातूनच, कारण खळ ओली असताना ते कुणाला आत येऊ देत नाहीत. आधी पुठ्ठ्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचं, मग पहिल्या पानाची पहिली ओळ मोठ्यानं वाचायची, दोन्हींची डोकी एका बाजूला आहेत हे बोटानं तपासायचं, आणि मगच चढवायचं. एकदाही चुकायचं नाही. आपण त्याची नक्कल करून हसतो. मीही केलीय.

त्या दिवशी मी दार न वाजवता आत शिरले. रात्रंदिवस जीव टांगणीला लागला होता, राहवेना. पुस्तक मीच फाडलं, पॉलिश मीच लावलं, नोकरी गेली तर आईला काय सांगू, असं सगळं एका दमात बोलले आणि त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. काकांचा एक हात पानांवर, दुसऱ्या हातात ब्रश. रडणाऱ्या बाईचं काय करायचं हे त्यांना कधीच कळलेलं नाही, काकू साक्षीला आहेत. बिचारे घाबरले. मला काहीतरी काम द्यावं, म्हणजे रडू थांबेल, असं वाटलं असावं. म्हणाले, “तो पुठ्ठा दे इकडे.”

मी डोळे पुसत पुठ्ठा उचलला आणि दिला. उलटा.

त्यांनी नाव वाचलं नाही, ओळही वाचली नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी थांबतेय का म्हणून. पुठ्ठा चढला, दाबाखाली गेला. सदतीस वर्षांत त्यांनी एकदाच नजर कामावरून काढून माणसावर ठेवली, आणि तेवढ्यात घात झाला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्याबाईंनी सगळ्यांसमोर ग्रंथ उघडला. बराच वेळ बघून त्यांनी शांतपणे विचारलं, की हे घुबड आहे की वटवाघूळ? हसू कुणालाच आवरेना. तेव्हाचे अध्यक्ष मात्र लालबुंद झाले. त्यांनी काकांच्या खोलीत येऊन विचारलं, हे कुणाचं काम? मी काकांच्या शेजारीच उभी होते. मी तोंड उघडलं, आणि काकांनी माझ्या हातात खळीचा ब्रश कोंबला.

“आधी हा धुऊन आण,” म्हणाले. “वाळला की वाया जातो.”

मी गेले. हो, गेले. नळाखाली ब्रश धूत असताना मला ऐकू येत होतं. काका म्हणाले, “पुठ्ठा मी चढवला. हात माझे होते.” मी परत आले तोवर विषय संपला होता. पुन्हा सोडवून सरळ का करत नाही, तर ते चामडं दुसऱ्यांदा उचललं की भुगा होईल, म्हणून. त्यांच्या नावावर ती एक चूक कायमची लागली. अडीच महिन्यांनी मला नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. आणि त्यांना घुबडकाका हे नाव.

तुम्ही म्हणाल, मग बावीस वर्षं काय करत होतीस? आधी भीती होती. नोकरी पक्की झाली तेव्हा लाज वाटायला लागली. काकांना म्हटलं, आता सांगते. तर म्हणाले, कशाला, लोकांच्या तोंडी बसलंय. मग मलाही सवय झाली. मीही त्यांना घुबडकाका म्हणू लागले, यापरती निर्लज्ज गोष्ट नाही. गेल्या आठवड्यात निमंत्रण द्यायला त्यांच्या घरी गेले. काका आत कपडे बदलत होते. काकू मला हळूच म्हणाल्या, लेकीच्या लग्नात व्याह्यांच्या बाजूच्या कुणीतरी ‘घुबडकाकांची मुलगी’ म्हणून थट्टा केली होती. हसण्यावारी नेली हो, पण लागलं. आणि म्हणाल्या, “घरात ताटलीसुद्धा उलटी ठेवत नाहीत हे. मला अजून कळत नाही, त्या दिवशी यांचं लक्ष होतं कुठं?”

काकू, माझ्यावर होतं. तुमच्या यजमानांनी एकही पुठ्ठा स्वतःहून उलटा लावलेला नाही. मी उलटा दिला, आणि मी चूप बसले.

अध्यक्षमहोदय, मानपत्रातलं ते वाक्य खोडा, असं मी म्हणणार होते. मसुदा मी आधीच वाचला होता. काकांना काल विचारलं, तर आठ्या घालून म्हणाले, खोडायचं नाही, कागद खराब होतो. तेव्हा त्यांच्याच पद्धतीनं करते. माझ्या हातात ही कागदाची पट्टी आहे, मुद्दाम मानपत्राहून एक छटा फिकी. तिच्यावर माझ्या अक्षरात, जे मोत्यासारखं नाही, एवढंच लिहिलंय: ‘घुबड उलटं झालं, कारण ग्रंथपालबाईंनी पुठ्ठा उलटा हातात दिला. ही सेवा निर्दोष आहे. अपवाद नाही.’ आपली परवानगी असेल तर त्या वाक्याखाली ही चिकटवते.

आभारी आहे. जरा मानपत्र इकडे द्या. चिटणीससाहेब, रागावू नका, तुमचं एक अक्षरही झाकत नाही. नाव वाचते. पहिली ओळ वाचते. दोन्हींची डोकी एका बाजूला आहेत. आता लावते.

बसली. सरळ बसली. काकूंना दाखवा आधी.

आता आवरतं घेते. कार्यकारी मंडळानं मला बोलायची संधी दिली, श्रोत्यांनी पाच मिनिटांची पंधरा होऊ दिली, सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. काकू, तुमची माफी वेगळी मागते, ती इथं माईकवर मागायची नाही.

काका व्यासपीठावरून मला मघापासून काहीतरी खुणावताहेत. मला वाटलं, रडताहेत. तसं नाही. या ब्रशकडे बोट दाखवताहेत.

नाही काका. बावीस वर्षांपूर्वी गेले होते, आज जाणार नाही. आधी तुम्ही उठा, सगळ्यांना तुमच्यासाठी टाळ्या वाजवू द्या, मी इथंच उभी आहे. ब्रश मी मग धुते.