क्यारेटचे दोन किलो

मिथुन : काटा खोटा हाय त्यांचा, सर. दुसऱ्या काट्यावर उभं करा म्हणावं मला.

तातेराव : तीनदा उभा राहिलास. एकदा बूट काढून, एकदा बनियन काढून, आणि तिसऱ्यांदा सगळा श्वास सोडून. डोळे पांढरे झाले होते तुझे. तिन्ही वेळा बावन्न किलो आठशे.

मिथुन : आन् सकाळी निघालो तवा पन्नास नऊशे होतो. वडीगोद्रीपासून इथवर खाल्लं काय मी? जीपमधी वारा खाल्ला फक्त.

(जालना. जिल्हा बॉक्सिंग स्पर्धेच्या मंडपामागची कडुनिंबाची सावली. निवृत्त शिक्षक, आता गावच्या मुलांना बॉक्सिंग शिकवणारे तातेराव सतरंजीवर बसलेत. समोर टॉवेल गुंडाळलेला मिथुन. त्याचा थोरला भाऊ भुजंग लांब उन्हात, पाण्याची बाटली धरून.)

तातेराव : भुजंग, उन्हात काय करून राह्यला? ये सावलीत.

भुजंग : इथंच बरा हाय, सर.

मिथुन : चाळीस दिवस, सर. चाळीस दिवस रातची भाकर सोडली, एक्कावन्नच्या गटात बसायचं म्हणून. मायनं वांग्याचं भरीत केलं की मी गोठ्यात जाऊन बसायचो, वास नको म्हणून. गिरिजाकाकूला वाटलं, पोरगं प्रेमात पडलं.

तातेराव : मलाही सांगून गेली ती. मुलगी कोणती, ते विचारत होती.

मिथुन : आन् तो देवानंद बघा. एक्कावन्नमधी बसला बी, आन् केळं खात बसलाय निवांत. मह्याकडं पाहून हसला.

भुजंग : हसला न्हाई. ओळख दिली त्यानं.

मिथुन : तू त्याची बाजू घेऊ नको, दादा. गेल्या साली घंटा झाल्यावर मारलं त्यानं तुला. नाक मोडलं. आजून झोपलास की नाकातून शिट्टी वाजती, बैल उठून उभे राहतात. मी मायपुढं शपथ घेतली हाय. तोच गट, तीच रिंग, त्याचं नाक.

तातेराव : हे बघ. दहाला वजन बंद. आता सव्वानऊ झालेत. पाऊण तासात एक किलो आठशे उतरवायला गेलास, तर रिंगऐवजी दवाखान्यात जाशील. ते मी करू देणार नाही. पण चूक कुठं झाली, एवढं तरी बघू. रोज वजन कुठं करायचास?

मिथुन : बद्रीनाथशेठच्या गाळ्यावर. मोसंबीच्या काट्यावर. दादाच तर असतो तिथं वजनाला. मी उभा राह्यचो, दादा आकडा लिहून घ्यायचा.

तातेराव : बरं. मोसंबी काट्यावर कशात ठेवतात?

मिथुन : क्यारेटमधी. प्लास्टिकच्या.

तातेराव : क्यारेटचं वजन मोसंबीत धरतात का?

मिथुन : न्हाई ना. ते आधीच काट्यातून कमी केलेलं असतं. रिकामं क्यारेट ठेवलं की बराबर शून्य येतं.

तातेराव : शाब्बास. आता क्यारेट उचल. काट्यावर काही नाही. आकडा काय दिसतो?

मिथुन : एक नऊशे.

तातेराव : नुसता एक नऊशे?

मिथुन : आकड्याच्या आधी एक बारीक आडवी रेघ असती. मला वाटायचं, काच तडकली.

तातेराव : मिथुन, ती वजाची रेघ पाचवीत मी तुला आठ दिवस शिकवली.

मिथुन : म्हंजे...

तातेराव : घाई नको. बोटावर कर हवं तर. पन्नास नऊशेत एक नऊशे मिळव.

मिथुन : बावन्न... आठशे.

तातेराव : झालं. इथला काटा खरा आहे.

मिथुन : म्हंजे चाळीस दिवस मी मोसंबी म्हणून उभा होतो?

तातेराव : सालीसकट.

मिथुन : थांबा, सर. दादा, तू दोन सालापासून त्या काट्यावर हाईस. तुला कळलं न्हाई?

भुजंग : पाणी भरून आणतो मी.

तातेराव : बाटली भरलेली आहे. ये, बस इथं.

भुजंग : ...माहीत होतं मला.

मिथुन : काय माहीत होतं?

भुजंग : काट्याचं. पहिल्या दिवसापासून. वाटलं, इथं आल्यावर तू एक्कावन्नमधी बसणार न्हाई, वरच्या गटात जाशील. देवानंदशी गाठ पडणार न्हाई. विषय मिटला.

मिथुन : आरं, मी हरंल म्हणून भ्यालास?

भुजंग : न्हाई. तू जिंकशील म्हणून.

मिथुन : हे काय बोलणं झालं?

भुजंग : तू त्याचं नाक फोडशील. त्यानं काहीच केलेलं न्हाई, मिथ्या. घंटा झालीच नव्हती. मीच मान वळवली, आन् त्याचा ठोसा बसला. नियमानं बसला, बराबर.

मिथुन : काहून वळवली मान? सर सांगून सांगून थकले, समोरच्यावरून नजर हलवू नको.

भुजंग : कोणीतरी खुर्चीवर चढून वरडलं, 'दादा, डाव्या बाजूला बघ!' मी बघितलं.

मिथुन : खुर्चीवर तर मी चढलो होतो.

तातेराव : त्याच वेळी त्या खुर्चीचा पाय मोडला. इकडं हा आडवा, तिकडं तू आडवा. पंचांना कळेना, आकडे कुणाचे मोजायचे.

मिथुन : मी पडलो होतो. मला काही दिसलं न्हाई. तू म्हणलास घंटा झाल्ती, मी मानलं.

भुजंग : तुला सांगून काय करू? तू जेवला नसतास.

मिथुन : आताबी कुठं जेवलो, चाळीस दिवस.

तातेराव : मला त्यानं दवाखान्यात शपथ घातली. वाटलं, चार दिवसांत विसरशील. पण तू रोज पाचला उठून सरावाला येऊ लागलास. शाळेत असताना दहाच्या प्रार्थनेला कधी वेळेवर आला नाहीस. मला लोभ सुटला, बाळा. गप्प बसलो. चूक माझीही आहे.

मिथुन : आन् देवानंदला ठाऊक हाय, मी त्याच्यावर टपलोय ते?

भुजंग : ठाऊक हाय. दवाखान्यात आल्ता तो तवा. मह्या नाकाकडं पाहून रडला. मलाच त्याला चहा पाजावा लागला. तवापासून दर रविवारी फोन असतो त्याचा.

मिथुन : दर रविवारी तर तुला देवा पंक्चरवाल्याचा फोन असतो.

भुजंग : त्योच तो. तू पाहशील म्हणून तसं नाव टाकलं.

मिथुन : आरं, मी एकदा उचलला होता तो फोन. मागचं चाक बसलंय, कवा येतो, म्हणलं त्याला.

भुजंग : मंग आल्ता की तो. पिंपळगाव रेणुकाईहून इतक्या लांब. तू शेतात होतास. त्याला काही जमंना, मंग दोघांनी मिळून काढलं पंक्चर.

तातेराव : साडेनऊ झाले. आयोजकांना मी विचारून आलोय. चौपन्नच्या गटात एक जागा आहे. नाव लिहू, की घरी जायचं?

मिथुन : चौपन्नमधी समोर कोण हाय?

तातेराव : धावड्याचा एक मुलगा. त्यानं आपल्या घरातल्या कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

मिथुन : मंग त्याला मारायचं कशासाठी?

तातेराव : गुणांसाठी. वर्षभर मी तेच तर शिकवत होतो.

मिथुन : ...लिहा, सर.

तातेराव : लिहितो. आणि आधी काहीतरी खा.

भुजंग : डब्यात भरीत हाय. माय रोज तुह्या नावानं बांधती. तू नको म्हणायचास म्हणून मीच खात होतो.

मिथुन : तरीच तुझी पँट बसंना. दे इकडं.

भुजंग : हळू खा. जल्दी करू नको.

मिथुन : दादा.

भुजंग : हं.

मिथुन : मह्या कोपऱ्यात बसशील ना?

भुजंग : बसतो. तोंडातून शब्द काढणार न्हाई, आईशप्पथ.

मिथुन : न्हाई, तू वरड. मी वळून पाहणार न्हाई, पण तू वरड.