भरतीच्या वेळेची पाटी

चहा घ्या, मग सांगतो आमच्या गेटवरच्या पाटीचं.

फौजेतून रिटायर झालो आणि आळ्याच्या सैनिकी अकॅडमीत पोरांना पळवायला लागलो. ही अकॅडमी मूळची कोकणातली. तिथं समुद्राची वाळू हेच मैदान. अकॅडमीच्या मालक साहेबांनी ती घाटावर आणली, तेव्हा चढायचे दोर आणले, शिट्ट्या आणल्या आणि तिथली पाटीपण आणून गेटवर ठोकली: 'भरतीच्या वेळी मैदानात उतरू नये.'

मी म्हणालो, "साहेब, पोरं इथं भरतीसाठीच येतात."

"राहू द्या हो, अकॅडमीचा इतिहास आहे तो."

इतिहास त्यांचा, घसा माझा. येईल त्या पालकाला मी समुद्र समजावून सांगतोय.

परवा इथल्याच घाटातल्या मढचे एक बाबा मुलीला घेऊन आले आणि पाटी वाचून गेटवरच थबकले.

"भरतीला उतरायचंच न्हाई, मग पोरीला शिकवायचं कशाला, राव?"

"बाबा, ती भरती वेगळी. समुद्राचं पाणी चढतं, ती."

"ती कवा येती?"

"रोज. दिवसातून दोनदा."

बाबा मुलीकडं बघून म्हणाले, "ही तीन वर्सं घाटात पळतीया. वयाची अट संपत आली, पर एक भरती निघंना. आन् तिकडं दिसातनं दोनदा?"

"हो."

"मंग अकॅडमी वर कशाला आणली, राव? तिकडंच ऱ्हाऊ द्यायची व्हती."