झेरॉक्सच्या दुकानात उघडलेली फाईल

मी, तिजोऱ्या बनवणाऱ्या कारखान्याचं ऑफिस सांभाळणारी बाई, कारखान्यात सगळ्यांची 'वहिनी', वय ४६ वर्षे, धंदा नोकरी, राहणार कारखान्यामागची इमारत, तिसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी पती व धाकटे दीर यांच्यासह राहते. दीर याच कारखान्यात मेकॅनिक आहेत. गिऱ्हाइकांची कुलपं उघडायचे आकडे कागदावर लिहायचे नाहीत व मेकॅनिकनं जवळ बाळगायचे नाहीत, असा आमच्याकडे नियम आहे. सगळे आकडे कॉम्प्युटरवरच्या एका डेटाबेस फाईलमध्ये असतात. आकडा लागला की मेकॅनिक फोन करतो व मी सांगते. मागच्या आठवड्यात नवा कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटरवाल्यांनी फाईल त्यात टाकली व जुना घेऊन गेले. ती उघडते का, हे त्यांनी पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

काल सकाळी दीर एका सोनाराच्या पेढीत तिजोरीच्या खोलीला नवं दार बसवायला गेले होते. दाराला लाकडी पाचर लावून ते आतल्या बाजूची तपासणी करत होते. आमचं दार एका बोटानं लागतं, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगतात. सोनारानं पाचर काढून बोट लावून पाहिलं. दार लागलं व कुलूप पडलं. दिरांना दमा आहे. त्यांचा पंप बाहेर पिशवीत राहिला होता.

सोनाराचा मला फोन आला. "बाई, आकडा सांगा लवकर, तुमचा माणूस आत अडकलाय." आतून आवाज येतो का, असं मी विचारलं. "येतोय की, दार बडवतोय," असं ते म्हणाले.

मी फाईल उघडायला गेले असता, ही फाईल भरवशाच्या ठिकाणची नाही म्हणून अडवली आहे, अशी सूचना आली. खाली 'ठीक आहे' एवढं एकच बटण होतं. फाईलवरची अडवणूक काढायची खूण शोधली, ती नव्हती. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये गेले, तर तिथली बटणं फिकट झालेली व दाबली जात नव्हती. त्यांना कॉम्प्युटरवाल्यांचा पासवर्ड लागतो. त्यांचा फोन बंद होता. ते दाढ काढून घ्यायला गेले होते, असं मागाहून कळलं.

मी कारखान्याच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "कॉम्प्युटरवाले येईपर्यंत कशाला हात लावू नका. साऱ्या गिऱ्हाइकांच्या तिजोऱ्या आहेत त्यात." मी म्हटलं, "साहेब, आत माणूस आहे." ते म्हणाले, "माणूस आपलाच आहे, थांबेल थोडा."

पुन्हा फोन आला तेव्हा सोनार म्हणाले की, बडवणं आता थांबून थांबून होतंय. मी फाईल पेन ड्राईव्हवर घेतली व शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात धावत गेले. दुकानात गर्दी होती. आकडे दिसू नयेत म्हणून झेरॉक्सवाल्यांना मी भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. "वहिनी, माझ्याच दुकानात?" ते म्हणाले. मी "हो" म्हटलं. ते उभे राहिले.

तिथं फाईलवर पिवळी पट्टी आली व परवानगी देता का, असं विचारलं. मी दिली. फाईल उघडली. आकडा मी फोनवर हळू आवाजात सांगितला. सोनारांना ऐकू गेला नाही, म्हणून ओरडून सांगितला. तो दुकानातल्या सगळ्यांनी ऐकला असणार, हे मला मान्य आहे.

दार उघडल्याचा आवाज आला. मग खोकला ऐकू आला. तो खोकला मी रोज भिंतीपलीकडून ऐकते, म्हणून ओळखला. मी तिथल्या स्टुलावर बसून रडले. दीर सध्या रुग्णालयात असून त्यांच्या जिवाला धोका नाही.

मी गिऱ्हाइकांची गुप्त माहिती बाहेर नेली, अशी साहेबांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिल्याचं मला आज इथं समजलं. माहिती मी नेली, हे खरं आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवरून फाईल काढून टाकली आहे. पेन ड्राईव्ह हजर करत आहे.

पुन्हा अशी वेळ आली तर मी हेच करीन. हे वाक्य घालू नका, तुमच्याच अंगाशी येईल, असं लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मला समजावलं. ते घालावं, असं माझं म्हणणं आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात ते वाक्य नव्हतं. ते लिहायला लावून पुन्हा वाचून घेतला. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.