खऱ्या उत्तराची उपमा

बोटाची पट्टी बदलायला आलेल्या शिंपीणबाई दवाखान्यात बाकावर बसल्या होत्या. पलीकडे एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नवरा बायबलमधल्या सुवचनांचं भाषांतर करतो, हे बाईंना त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं.

"वाचून दाखवतो. काय समजलं ते सांग."

"अजून माझ्यावरच तपासून बघता?"

"तुला पटलं की जगाला पटतं. मूळ वचनात खऱ्या उत्तराला ओठांवरच्या चुंबनाची उपमा आहे. चर्चची मंडळी म्हणतात, लोक लाजतील. म्हणून मी जिवलग मित्राची दिलीय."

"मिळमिळीत झालंय."

"प्रार्थनेत सगळ्यांसमोर वाचायचं असतं गं!"

"असू दे. मित्र काय, दारातूनही बोलतो. चुंबनाला जवळ यावं लागतं."

"बघतो."

"अहो, काल डॉक्टरांनी तुम्हाला एकट्यालाच आत बोलावलं. काय म्हणाले?"

"काही नाही गं. साधी गाठ आहे तुझी, म्हणाले."

"हेही मिळमिळीतच झालं."

मग म्हातारा सरकत सरकत तिच्या अगदी कानाशी गेला. तो काय म्हणाला, ते बाईंना ऐकू आलं नाही.

"समजलं," म्हातारी म्हणाली. तिने त्याचा चष्मा काढून पदराने पुसला आणि परत त्याच्या डोळ्यांवर चढवला. "चुंबन खोडू नका."