उभी केलेली चौकट

ऐका. ही गोष्ट खरी आहे, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. म्हणजे मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण गेनू ढेब्याच्या तोंडून ऐकली, ती पाहिल्यासारखीच. आता तोंडून म्हणाल, तर गेनू फारसा बोलायचाच नाही. हसू नका. कंदील जरा बारीक करा, आणि ऐका.

धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा खालच्या वाडीची माणसं घरं मोडून, लाकूड घेऊन वर निघाली. तुळया, वासे, खांब, सगळं. भिंती मातीच्या, त्या पाण्याला दिल्या. ज्यांना लाकूड नेणं जमेना त्यांनी विकलं. गेनू तेव्हा माळावर नवं घर बांधत होता. भिंती झाल्या होत्या, चौकटीपुरती जागा मोकळी होती. बायको सरूचे दिवस भरत आलेले. तिनं बजावलं होतं, बाळंतपण नव्या घरात, पण चौकट बसल्याबिगर मी तिथं पाऊल टाकायची नाही.

म्हणून गेनूनं शिळीमकरांच्या मोडलेल्या घराची सागवानी चौकट घेतली. नुसती चौकट बरं का. दाराच्या फळ्या शिळीमकरांच्या धाकट्यानं आधीच नेल्या होत्या. त्यावरून गेनू दिवसभर धुसफुसत होता. बिनफळ्यांची चौकट म्हणजे बोळकं तोंड, म्हणाला. हे ध्यानात ठेवा.

दिवेलागण झाली आणि त्यानं गाडी जुंपली. निघताना शिळीमकरांच्या थोरल्यानं सांगितलं, "गेनबा, आडवीच ने. आडवी हाय तवर ते लाकूड. उभी केलीस की दार झालं, आन् दार म्हणलं की मागं घर आलंच."

मोडल्या घराची चौकट वाटेत उभी करायची नाही, ही आपल्याकडची रीत. गेनूला काय ठाऊक नव्हती?

पण करंजाच्या चढावर चाक रुतलं. गाडी हलकी करायला चौकट उतरवावी लागली. खाली चिखल, हा एवढा. आणि गणेशपट्टीवर ते कोरीव काम. चिखलात टाकायला गेनूचा जीव होईना. घटकाभर म्हणून त्यानं ती करंजाला टेकून उभी केली. केली उभी!

चाक निघालं. गेनू मागं वळला, तर चौकटीतून वास आला. ताज्या सारवणाचा. त्यानं नाक पुसलं. वास तसाच. मग उजेड आला. हिरवट, थरथरता. डोहाच्या तळाशी ऊन पोचतं ना, तसा. चौकटीमागं करंज दिसायला हवा होता. दिसत होतं माजघर. जातं, उतरंड, चूल. वळचणीला चिमण्या फिरतात तशा उतरंडीतून मासोळ्या फिरत होत्या. चुलीपाशी एक म्हातारी बसली होती. तिचा पदर संथपणे वर तरंगत होता.

"आलास?" ती म्हणाली. "पाय धू."

पाय धुवायची गरजच नव्हती. गेनूनं उंबरठा ओलांडला तेव्हाच ते भिजले होते. आत गार, मऊ, झोपाळू. बैलांच्या घुंगरांचा आवाज कुठून तरी लांबून, वरून येत होता. म्हातारीनं भाकरी वाढली, त्यानं खाल्ली. चव कसली? नुसता गारवा. गेनूला वाटलं, हेच तर आपलं घर. तो चढ चढायचा कशाला? बायकोचं तोंड आठवायला गेला, तोंड येईना. नाव आठवायला गेला, नावही ओठापर्यंत येऊन परत गेलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. बघा म्हणजे.

"आता दार लाव लेकरा," म्हातारी म्हणाली. "आतून कडी घाल. मग झालं."

गेनू उठला. शहाण्या पोरासारखा उठला. फळी ओढायला हात घातला. फळी नाही. दुसऱ्या बाजूला चाचपलं, तिथंही नाही. नुसत्या बिजागरीच्या खाचा. आणि दिवसभराचा राग असा उसळला म्हणता!

"फळ्या त्या धाकट्यानं नेल्या की. आता सरूला काय सांगू मी?"

सरू म्हटलं आणि तोंड आठवलं. घामेजलेलं, वाट बघून चिडलेलं. गेनूनं त्या उघड्या दारातून अंग झोकून दिलं. मागून पाण्याचा लोंढा आला, त्यानं याला चिखलात आणून टाकलं. तसाच सरपटत तो फिरला आणि चौकटीला लाथ घातली. चौकट आडवी. उजेड गेला. करंज जागच्या जागी. बैल रवंथ करत उभे.

चौकट बसली. सरूला मुलगी झाली, नव्या घरातच. पण गेनूनं त्या चौकटीला फळ्या काही लावल्या नाहीत. थंडी असो, पाऊस असो, जन्मभर गोधडी टांगली.

म्हणून सांगतो, मोडल्या घराचं लाकूड खुशाल वापरा. सागवान पाण्याला कशाला द्यायचं? पण करंजाच्या चढानं आणू नका. चौकट असेल तर त्या वाटेचं नावही काढू नका. लांबचा फेरा पडतोय तर पडू द्या.

आता उठायच्या आधी, यात मी पदरचं काय घातलं तेवढं सांगून टाकतो. म्हातारी. ती माझी. गेनू म्हातारपणी त्या गोधडीपाशी बसून एकदाच बोलला होता. आत कुणीच नव्हतं, म्हणाला. कुणी हाक मारली नाही. आत गेलो तो माझा मीच. आणि दार लावायला उठलो, तोही मीच.