दुसरा रकाना

हो, आईला भीती वाटतेच, त्यात लपवायचं काय. पण तो कागद उलटा धरलाय तुम्ही, भक्तीबेन. असा धरा — खाली तारखा, डावीकडे आकडे. तासाला किती वेळा स्वतःला मारून घेतलं, त्याचे. हा पहिला ठिपका बघा, एकशे सेहेचाळीस. नऊ ऑगस्ट त्र्याण्णव, सोमवार होता. मी तुम्हाला बेन म्हणतोय हं — तुम्ही आपल्यातल्याच, मराठी, माहितीये मला, पण इथं हरणीत आमची सगळी सोसायटी गुजराती, ताई म्हणायची सवयच गेली. बसा नीट. मितालीबेननी तुम्हाला पाठवलं ते बरं केलं. दर दोन-चार वर्षांनी पाठवतात कुणाला तरी — सुभानरावांकडे जा, त्यांचा मुलगा समरजित बघून या, मग उपचार करायचा की नाही ते ठरवा. तुमची अवंती किती, सात ना? ती भिंतीवर कपाळ आपटते म्हणालात. हा मुठीनं मारायचा. उजवी मूठ, इथं, कानशिलावर. आतून तो कुरकुर आवाज येतोय ना, तो हिंचका, आपला झोपाळा हो. त्यावर बसलाय. बावीस वर्षांचा झाला आता. कुरकुर चालू आहे तोवर दोन्ही हात साखळ्यांना धरलेले आहेत, असं समजायचं.

जन्मापासून नव्हतं हो असं. पाच वर्षांचा होईपर्यंत इतका बडबड्या, की शेजारचे म्हणायचे, याला रेडिओवर पाठवा. उत्तरायणला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, पतंग उडवताना गच्चीवरून पडला. मी होतो ना गच्चीवर. फिरकी माझ्याच हातात होती आणि मान वर — सगळ्या गल्लीची मान वर होती, पण बाप मीच होतो. असो. मेंदूला पुढच्या बाजूनं मार बसला. चालणं परत आलं, जेवणं परत आलं, बोलणं आलं नाही. आणि वर्ष-दीड वर्षानं हा हात सुरू झाला. एका जागची कातडी किती वेळा फुटावी? टाके घालणारा कंपाउंडर आम्हाला लांबून बघूनच सुईदोरा काढायचा. डॉक्टर म्हणाले, आधीच दुखावलेला मेंदू आहे, त्यावर रोज हे चालू राहिलं तर उरलंय तेही जाईल. म्हणजे तुम्ही घाबरताय ते उगाच नाही घाबरत.

मग मितालीबेन आल्या, असल्या वागण्यावर उपचार करणाऱ्या. तेव्हा त्या अगदी पोरसवदा, स्कूटरवरून यायच्या, हेल्मेटमध्ये केस विस्कटलेले. मला वाटलं, ही काय शिकवणार मला? पण पहिलं काय सांगितलं — कान आणि दाढा दाखवून या. आत कुठं ठणकत असेल तरी पोरं मारून घेतात. तुम्हीही दाखवा हं, विसरू नका. मग आठ दिवस नुसत्या त्या कोपऱ्यात बसून बघत राहिल्या. काय बघत होत्या? तर मारल्यानंतर काय होतं ते. काय व्हायचं? पद्मा, म्हणजे माझी बायको, कणकेच्या हातानं धावत यायची, त्याची मूठ धरायची आणि छातीशी घट्ट दाबून ठेवायची. मितालीबेन म्हणाल्या, काका, त्याला शब्द नाहीत, तो असं बोलावतो. आता उलटं करायचं. डोक्याला फोमची टोपी घालायची, इजा होणार नाही एवढं बघायचं, आणि मारलं की कुणी जायचं नाही, बघायचं नाही, रागवायचंसुद्धा नाही. हात शांत असले, की जायचं. पाठीवर हात ठेवायचा, नाव घ्यायचं, दोन खारे शेंगदाणे द्यायचे, जरा बसायचं. आधी दर अर्ध्या मिनिटानं, मग मिनिटानं, मग पाच मिनिटांनी. कागदावर दोन रकाने — एकात मार किती, दुसऱ्यात शांत असताना आपण किती वेळा गेलो.

आता मला सांगा, असं काम माझ्याहून चांगलं कोण करणार? मकरपुऱ्याला सव्वीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो मी, व्हॉल्व्हच्या कारखान्यात. हातात गेज आणि लाल खडू. पीस आला, मापला, चुकला तर लाल रेघ आणि रजिस्टरला नोंद. बरोबर असला तर पुढच्या ट्रेमध्ये. माझ्या हातून खराब पीस बाहेर गेलाय असं कुणी दाखवावं. पहिल्या आठवड्यात आकडा उलटा चढला, बघा इथं, दोनशे बारा. तो चढतोच, हे त्यांनी आधी सांगितलं होतं. रोज दार ठोठावलं की उघडत होतं, आज उघडत नाही, म्हणून माणूस जोरानं ठोठावणारच. मी भिंतीकडे तोंड करून मोजत होतो. पद्माला ते जमेना. एकदा गेली, दोनदा गेली, तिसऱ्यांदा मी तिचा दंड धरला. मग तिला लहरीपुऱ्यात तिच्या भावाकडे पोचवून आलो, पंधरा दिवसांसाठी. भावाचं दुकान आहे तिथं साड्यांचं, त्या गर्दीत दुकानाच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, मी वळून बघितलं तर तशीच होती. कठोर म्हणाल मला — म्हणा. आकडा उतरला की नाही? एकोणनव्वद. चाळीस. अकरा. पाचव्या आठवड्यात चार. आणि वीस सप्टेंबरला शून्य. मी पेढे वाटले सोसायटीत, लोक विचारायला लागले नोकरी कुणाला लागली. मितालीबेन हा आलेख अहमदाबादला परिषदेत घेऊन गेल्या. बारा वर्षं झाली, कानशिलावर केस उगवलेत त्याच्या.

काय म्हणालात? दुसरा रकाना? हो, आहे ना भरलेला. सगळीकडे बरोबरच्या खुणा आहेत. — एकाच पेनानं. हं. बारीक नजर आहे तुमची, माझ्या हाताखाली असतात तर बढती दिली असती. एकाच पेनानं आहेत, कारण एकाच वेळी केल्यात. रविवारी संध्याकाळी बसायचो आणि आठवड्याच्या खुणा करून टाकायचो, सोमवारी मितालीबेन यायच्या म्हणून. पहिले दोन आठवडे गेलो हो त्याच्याजवळ, शेंगदाणे घेऊन, घड्याळ लावून. नाही असं नाही. पण मग आकडा उतरायला लागला, आणि — कसं सांगू तुम्हाला — पीस बरोबर निघाला की त्याच्याकडे परत कोण बघतं? तो पुढच्या ट्रेमध्ये जातो. पोरगा शांत आहे, म्हणजे झालं. मी पेपर वाचायचो. तो शांत बसायचा. मला वाटायचं, किती छान चाललंय आमचं.

मग शून्य झालं कसं? टिकलं कसं? ते मलाही फार उशिरा कळलं. पद्मा परत आली ना लहरीपुऱ्यातून, तिला आलेख-बिलेख काही कळत नव्हतं, पण आता जवळ जायला मनाई नाही एवढं कळलं होतं. ती मटार सोलायची त्याच्या शेजारी बसून, त्याच्या पाठीला पाठ लावून पोथी वाचायची, जाता-येता टपली मारायची. एकदासुद्धा कागदावर लिहिलं नाही तिनं. तो रकाना ती भरत होती आणि खुणा माझ्या होत्या. परिषदेत नाव माझं वाचलं त्यांनी — बाप किती शिस्तीचा. तीन वर्षांपूर्वी गेली ती, कावीळ झाली, महिन्यात आटोपलं. त्याआधीच कंपनीनं व्हीआरएस देऊन घरी बसवलं होतं मला. तेव्हापासून आम्ही दोघंच. त्याला आंघोळ घालतो, वेळेवर खिचडी देतो, गोळ्या देतो. दिवसात एक चुकत नाही. पण बोलायचं काय? तो बोलत नाही, मी बोलत नाही. दुपारी विमान उतरतं ना इथं, घराच्या वरून जातं, तो मान वर करतो, मी करत नाही. एवढंच काय ते घडतं आमच्या घरात. एकटं वाटतं हो. घरात दुसरं माणूस असून एकटं वाटतं, ते जास्त वाईट.

हे मितालीबेनना सांगू नका. म्हणजे — आता सांगतोच आहे तर ऐका, तुमच्या हातातल्या या कागदांत शेवटचा कागद नाही. तो माझ्या कपाटात आहे. गेल्या महिन्यात, एकवीस तारखेला, मी जेवत होतो आणि आवाज आला. बारा वर्षांनी. मी ओळखला, तो आवाज विसरत नाही माणूस. आणि मी काय केलं? भिंतीकडे तोंड? ताट सांडलं माझं. धावत गेलो, मूठ धरली, छातीशी दाबली, आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत डोळे घालून बघितलं, भक्तीबेन, पद्मा गेल्यावर पहिल्यांदा. मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. याला मी हवा आहे असं वाटलं. दुसऱ्या दिवशी दोनदा मारलं, दोनदा गेलो. काल नऊ वेळा. मी मोजतोय, मोजणं काही सुटत नाही. मी शिकवतोय त्याला, कळतंय मला, जगात माझ्याइतकं कुणाला कळणार? तरी हिंचका थांबला की माझा जीव टांगणीला लागतो आणि मनात कुठंतरी वाटतं, मार बाबा एकदा, म्हणजे मला येता येईल.

नका रडू. तुम्ही करा हा उपचार, खोटा नाही तो, चांगला आहे. नुसती पाठ फिरवणं म्हणजे उपचार नाही, एवढं ध्यानात ठेवा. अवंती शांत असेल तेव्हा जा तिच्याजवळ. कामं राहू देत. सासूबाई म्हणतील, गप बसलीये तर कशाला उठवतेस — म्हणू देत. आणि खुणा त्या-त्या वेळेला करा, शिसपेन गळ्यात बांधा हवं तर. काय? मी? माझं काय आता, बासष्ट वर्षांचा —

किती वाजले? साडेपाच. तुम्ही पावणेपाचला आलात. पाऊण तास झाला, भक्तीबेन. ऐका, हिंचका चालू आहे अजून. पाऊण तास दोन्ही हात साखळ्यांना धरून बसलाय तो, आणि मी इथं ओट्यावर तुम्हाला त्याच्या गोष्टी सांगतोय. एकदाही उठलो नाही. तुम्ही बघितलं ना, एकदाही नाही.

चहा राहिला तुमचा, माफ करा. पुढच्या वेळी करीन. फाटक नुसतं लोटून घ्या, कडी नका वाजवू. आत्ता जायला हवं मला, तो शांत आहे तोवर. जाऊन काय बोलायचं, ते काही ठाऊक नाही. नाव तरी घेईन. या तुम्ही, आवजो.